व्हय

खाट रिकामी होती, आणि चादरीवर काळा करगोटा पडला होता, मधोमध कातरलेला. क्रांतीनं हातातली औषधांची पिशवी खाटेवर ठेवली आणि लगेच पुन्हा उचलली, जणू तिथं काही ठेवलं तर लेकीला, मायाला, परत यायला जागा उरणार नाही. उशीजवळ टोपडं होतं, दुधाची वाटी झाकलेली होती, सलाइनचा खांब मात्र नव्हता, म्हणजे खांबासकट नेलं होतं. तिनं चादरीवरनं हात फिरवला. मधला भाग अजून कोमट होता. माणूस उठून गेलं तरी ताप मागं रेंगाळतो, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं आणि त्याची तिला भीती वाटली. करगोटा सासूबाईंनी वळलेला होता, आपल्याच मेंढीच्या काळ्या लोकरीचा, मांडीवर घोळून घोळून, आणि त्यात एक पांढरी कवडी ओवलेली. माया बसायला लागली, बाळसं धरलं, तसा तो एकदा सैल करून बांधला होता, तेवढाच. अंघोळीत तो निघाला नव्हता. काल छातीचा फोटो काढताना यंत्रावरचा माणूस कुरकुरला, तेव्हाही तो नुसता वर सरकवला होता. मग आज कातर का लागली? कमरेचा दोरा कुणाच्या वाटेत येतो? आणि या प्रश्नाचं उत्तर डोक्यात यायच्या आधी तिच्या स्वतःच्या पाठीत उमटलं, खाली, कमरेच्या खळग्यात, थंडगार. सकाळी त्या तरुण डॉक्टरनं आपला हात मागं नेऊन पांढऱ्या कोटावरनं तेच ठिकाण दाखवलं होतं. दोरा असतो तिथंच. तिथंच सुई घालतात.

खाटेच्या पायथ्याशी घोंगड्याच्या घडीवर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. बयाबाई त्यांचं नाव, क्रांती त्यांना आत्या म्हणायची. जतच्या माळावरनं त्या परवा पहिल्या एसटीनं आल्या होत्या, येताना भाकरी, ठेचा आणि मायाच्या दिष्टीसाठी बिरोबाचा भंडारा घेऊन. आता त्या पदराच्या टोकाला थुंकी लावून अंगठा पुसत होत्या. अंगठा निळा होता. न्हेलं तिला, त्या म्हणाल्या, आत्ताच, कसला तर फोटू काढायचा म्हणं. तू आल्यावर न्या म्हणायला त्वांड उघडतीया तवर खांबासकट निगाल्या बी. क्रांतीनं विचारलं, नक्की काय म्हणाल्या त्या सिस्टर? आत्यांनी डोळे बारीक करून आठवलं.

‘म्हणल्या, आजी, येल्पी करायला न्हेतोय.’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘मी काय म्हणनार? मी म्हणलं, व्हय?’

खिडकीतनं मार्केट यार्डाकडची हळदीची धूळ वाऱ्यावर येत होती. या दिवसांत सांगलीत सगळ्यालाच तो वास असतो, वाळत घातलेल्या कपड्यांना, पाण्याला, लेकरांच्या केसांना. क्रांती खाटेची लोखंडी दांडी धरून उभी राहिली आणि तो शब्द तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. या मुलखात व्हय दोन असतात. एक विहिरीत टाकलेल्या दगडासारखा सरळ खाली जातो, तो होकार. दुसरा शेवटाला मान वर करतो, चरता चरता मेंढरानं आवाजाकडं बघावं तसा, आणि त्याचा अर्थ एवढाच की असं म्हणताय होय, ऐकतेय, अजून सांगा. हा दुसरा व्हय आत्या दिवसभर म्हणत. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं डाळिंबाचा भाव सांगितला तरी व्हय, पंखा बिघडलाय म्हटलं तरी व्हय. क्रांतीही याच दोन व्हयांत वाढली होती, रहिमतपुरात, आणि साताऱ्याला कॉलेजात गेल्यावर होस्टेलच्या पोरी हसल्या म्हणून तिनं दोन्ही घासून टाकले आणि त्या जागी ‘हो’ आणि ‘हो का?’ असे दोन वेगळे, स्वच्छ शब्द आणून बसवले. फायली सांभाळणारी सिस्टर केरळची होती. तिचं मराठी नीट होतं, पुस्तकातल्यासारखं, आणि कुणीतरी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं असणार की इकडं व्हय म्हणजे हो. शब्द तिनं बरोबर शिकला होता. चाल शिकवायची राहिली होती. आणि एलपी हा शब्द आत्यांना कुणी शिकवला नव्हता. ‘पाठीतलं पाणी’ म्हटलं असतं तर आत्या खांबाला मिठी मारून बसल्या असत्या.

कारण सकाळी त्या शब्दालाच त्या घाबरल्या होत्या. राउंडला तो तरुण डॉक्टर आला, उभ्याउभ्याच बोलला, मधूनमधून खिशातला फोन वाजत होता तो दाबत. ताप डोक्यात गेल्यासारखा वाटतोय, मेंदूच्या आवरणाला सूज असावी, काल झटका आला तो त्यामुळंच. औषध आम्ही सुरू केलंय, पण ते अंदाजानं. साधा जंतू आहे की टीबीचा आहे, हे पाठीतलं पाणी तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि औषध चुकलं तर दिवस हातातनं जातील. वडील कुठायत? वडील सैन्यात, ती म्हणाली, पार वर सीमेवर, फोन लागत नाही. फोन लागला की त्यांना विचारून सांगते. डॉक्टर म्हणाला, विचारा, पण दुपारपर्यंत सांगा. तो पुढच्या खाटेकडं वळला आणि आत्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या भावाचा मुलगा नाथाजी, लहान असताना असाच तापला होता, त्याच्या पाठीतलं पाणी काढलं आणि तो आजतागायत उजवा पाय ओढत चालतो. लग्नात क्रांतीनं त्याला पाहिलं होतं, जेवणाच्या पंगतीत हसत हसत बुंदी वाढत फिरणारा, एक पाऊल टाकायचा आणि दुसरं मागनं ओढून घ्यायचा. आजारानं पाय गेला असेल आत्या, सुईनं नाही, ती म्हणाली होती. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं तिला. बेडकाचा कणा तिनं स्वतः उघडून पाहिला होता. आत्या म्हणाल्या, व्हय? त्यानंतर क्रांतीनं नवऱ्याला, मल्हारला, किती वेळा फोन लावला याचा हिशेब नव्हता. प्रत्येक वेळी तीच बाई हिंदीतनं सांगायची की आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते, आणि क्रांती ते वाक्य पुरं व्हायची वाट बघायची, जणू या खेपेला शेवट वेगळा होईल. मधल्या वेळात तिनं फोनवर वाचत जायचं. वाचलं की करावं वाटायचं. मान वर केली की आत्यांचे डोळे दिसायचे आणि नाथाजीचा पाय फरशीवरनं ओढल्याचा आवाज यायचा. जेवणाची वेळ टळून गेली तरी तिनं डॉक्टरला ना हो सांगितलं ना नाही. औषधं आणायची चिठ्ठी मिळाली तेव्हा तिला बरंच वाटलं, पायांना काहीतरी काम. खालच्या दुकानात गर्दी नव्हती तरी ती कुणाच्या तरी मागं उभी राहिली होती, हे आत्ता तिला आठवलं.

आणि त्यात पाळी बदलली. सकाळच्या सिस्टर गेल्या, दुपारच्या आल्या. इथं सिस्टर माणसांच्या नव्हत्या, कामांच्या होत्या. एक तापाची, तिच्या हातात थर्मामीटर, ती सगळ्या खाटांचे ताप घेत पुढं जायची. एक इंजेक्शनची, तिची ट्रे घेऊन फेरी. एक सलाइनची. एक फाइलची, ती सहसा टेबल सोडायची नाही. वाईट कुणीच नव्हतं. तापवाली हसायची, इंजेक्शनवालीचा हात हलका होता. पण कुपवाडच्या ज्या कारखान्यात लग्नाआधी क्रांती तपासणी विभागात होती तिथं पट्ट्यावरनं नळाच्या तोट्या सरकत जायच्या, एकजण आटे पाडायचा, दुसरा घासायचा, तिसरा चकाकी द्यायचा, तसं मायाचं इथं झालं होतं. प्रत्येकीच्या वाट्याला तिचा एक तुकडा येत होता, काख, मनगट, मांडी. परवा मांडीत सुई टोचली तेव्हा माया अशी किंचाळली होती की पलीकडच्या खाटेवरचं बाळ जागं झालं. काल सकाळी टोचली तेव्हा नुसती कण्हली. काल संध्याकाळी सलाइनसाठी शीर सापडेना, दोन्ही हात टोचून झाले, तेव्हा तिनं डोळे अर्धे उघडले, कुठंतरी वरच्या कोपऱ्यात पाहिलं आणि मिटले. सलाइनची सिस्टर म्हणाली, किती गुणाची आहे हो बाळ, अजिबात रडली नाही. रडत नाहीये, क्रांती म्हणाली, सिस्टर, ती रडत नाहीये, हे बरोबर नाही. ते राउंडला डॉक्टरांना सांगा ताई, सिस्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं गेली. क्रांतीनं इंजेक्शनवालीला सांगितलं. इंजेक्शनवाली म्हणाली, फाइलला सांगा, तिकडं लिहितात. फाइलवालीनं मान डोलावली आणि फोन वाजला म्हणून उठली. सकाळी राउंडला मात्र तो डॉक्टर पाठीतल्या पाण्याबद्दल बोलायला लागला आणि ते ऐकून क्रांतीच्या डोक्यातनं बाकी सगळं निसटलं. किंचाळी ऐकलेली सिस्टर वेगळी, कण्हणं ऐकलेली वेगळी, काहीच न ऐकलेली वेगळी. तिन्ही ऐकलेलं माणूस एकच होतं आणि ते ऐन वेळी गप्प बसलं होतं.

म्हणजे झालं होतं तर. आत नेलं होतं. कुणीतरी व्हय म्हणालं होतं, कागदावर अंगठा उठला होता, दोरा कापला गेला होता, आणि यातलं काहीही क्रांतीनं केलं नव्हतं. करगोटा तिनं मुठीत घेतला. लोकर ओलसर होती, लेकराच्या घामाची. आणि तेव्हा तिच्या अंगातनं एक गोष्ट पसरत गेली. ती ओळखायला तिला क्षणभर लागला, कारण ती सुटका होती. कपाळावरनं कुणी ओलं फडकं फिरवावं तशी. पाणी तपासलं जाईल. औषध बरोबर मिळेल. सगळं नीट झालं तर कुणी विचारणार नाही की हो कोण म्हणालं. आणि नीट झालं नाही, मायाचा पाय फरशीवर तसा ओढत यायला लागला, तर बोट दाखवायला एक निळा अंगठा असेल, तिचा नसलेला. उभ्या गावासमोर आत्यांना कुणी काही म्हणणार नाही, पण आत्या स्वतःला म्हणतील, जन्मभर, मेंढरांच्या मागं चालता चालता म्हणतील, आणि क्रांती समजुतीच्या सुरात सांगेल की आजारानं गेला आत्या, सुईनं नाही. हा सूर तिला आत्ताच ऐकू आला, किती शहाणा, किती मऊ. तिनं मूठ आणखी आवळली. कवडी तळव्यात रुतली. काहीही न बोलता नुसतं उभं राहायचं होतं. एवढंच करायचं होतं. अजून थोडा वेळ.

मायाच्या बाळंतपणात तीही अशीच आडवी पडली होती, साताऱ्यात, एका लहानशा प्रसूतिगृहात. तिथं लीलाबाई नावाची एक जाडजूड सिस्टर होती, निवृत्तीला आलेली, चालताना गुडघे वाजायचे. ती पाळीवर आली की दोन खाटा निवडायची आणि त्या दोन बायांचं सगळं तीच करायची, ताप, सुया, चादर, शी-शू, आणि शिव्याही तीच खायची. क्रांतीच्या खाटेशी येऊन म्हणाली होती, आजच्या पाळीला तू माझी. हात लावायच्या आधी सांगायची, आता गार लागंल. सुईच्या आधी म्हणायची, दुखंल, खोटं सांगत न्हाई. कळा आल्या, थांबल्या, बाळाचे ठोके मंदावले, आणि बाहेर क्रांतीच्या वडिलांनी, अण्णांनी, पोट उघडायच्या कागदावर सही केली. अण्णा हायस्कुलात इतिहास शिकवत. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांच्या विरोधाला न जुमानता त्यांनी तिचं नाव क्रांती ठेवलं होतं. सही करताना त्यांना वाटलं नाही की आत जाऊन एकदा तिला विचारावं, आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटलं नव्हतं. लीलाबाई कापूस भिजवता भिजवता म्हणाली, तुला इचारलं का गं कुणी? अण्णांनी सही केलीय ना, क्रांती म्हणाली. अण्णांचं पोट कापत न्हाईत, लीलाबाई म्हणाली, आणि मग हातातलं ठेवून, काय करणार, का करणार, काय बिघडू शकतं, हे तिनं भाजीची कृती सांगावी तसं सांगितलं. कळलं? क्रांती दात आवळून म्हणाली, हं. त्यावर ती बाई तिच्या तोंडाशी वाकली. तिच्या तोंडाला लवंगेचा वास होता.

‘हं न्हाई. हं तर म्हस बी करती. नीट सांग.’

आणि तिनं सांगितलं होतं. काय शब्द वापरला होता ते तिला आठवेना. एवढंच आठवलं की तो म्हटल्यावर भीती कमी झाली नव्हती, उलट वाढली होती, पण ती आता तिची होती, हातात धरता येईल अशी. आत जाताना वरचे दिवे सरकत होते आणि लीलाबाईचा हात पायाच्या अंगठ्यावर होता.

‘आत्या,’ क्रांती म्हणाली. ‘फोटो काढायला नाही नेलेलं. पाठीतलं पाणी काढायला नेलंय. एलपी म्हणजे तेच.’

आत्यांचा पुसणारा हात थांबला. त्यांनी अंगठ्याकडं असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे आणि चुकून आपल्याला लावलाय. मी कवा व्हय म्हणलं, त्या म्हणाल्या, मी इचारलं, इचारलं गं मी. मग हळू, स्वतःशीच, की रेशनच्या यंत्रावर देतो तसा दिला, त्यांनी धरला आन् टेकवला, मला वाटलं औषधाचा असंल. क्रांतीला वाटलं आता त्या ओरडतील, छाती बडवून घेतील, सगळा वॉर्ड गोळा होईल. पण आत्या ओरडल्या नाहीत. त्या क्रांतीच्या मुठीकडं बघत होत्या. मुठीतनं करगोट्याचं टोक लोंबत होतं.

‘दोरा घिऊन मगाधरनं हुबी हायस,’ त्या म्हणाल्या. ‘तुला कवाच कळलंय.’

क्रांतीला खाली बघवेना, वर बघवेना.

‘एवडी शिकलीस आन् माज्या व्हयवर लेकरू आत धाडतीस व्हय?’

हे त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलल्या त्या जवळजवळ थट्टेनं, चुकार कोकराचा कान धरावा तसं. तुला करायचंय, त्या म्हणाल्या, सकाळधरनं तुझ्या तोंडावर दिसतंय मला, आन् तू माज्या तोंडाकडं बघत बसलियास. मला न्हाई करायचं. माझा जीव न्हाई म्हणतोय, मेल्यावर बी न्हाईच म्हणंल. पण पोटात तू वागवलीस तिला. जा. काय सांगायचं त्ये तू सांग, माजं नाव घिऊन सांगू नगंस. आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांची पाठ, लुगड्याआडची, हाडकुळी, ताठ, क्रांतीला कधी इतकी पाठ वाटली नव्हती.

ती धावली. वॉर्डाच्या टोकाला आडवी गल्ली, गल्लीच्या शेवटी दुधी काचेचं दार. या दोन्हींच्या मधे तिच्या डोक्यात एकच होतं, सुई गेली असेल, सुई गेली असेल, आणि त्या विचाराच्या तळाशी अजूनही, गाळासारखं, गेली असली तर बरं. तिनं दारावर मूठ आपटली. दार फटीएवढं उघडलं. इंजेक्शनची सिस्टर होती, तोंडाला मास्क. ताई, बाहेर थांबा, ती म्हणाली, तयारी चाललीय.

‘सुई घातली?’

‘अजून नाही. पण तुम्ही…’

‘मग थांबा. मी हो म्हटलेलं नाही.’

आजींनी म्हटलंय की, सिस्टर म्हणाली, फाइलवर अंगठा आहे. तिच्या खांद्यावरनं क्रांतीला आत दिसलं. टेबलावर माया कुशीवर होती, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, दुसऱ्या सिस्टरनं, सलाइनच्या, तिला मानेला आणि गुडघ्यांना धरून गोळा केलेलं. उघडी पाठ दाराकडं. कमरेभोवती जिथं करगोटा असायचा तिथं कातडीवर एक फिकट रेघ उरली होती, आणि त्या रेघेवरनं तपकिरी औषधाचा बोळा फिरलेला. इतकी लहान पाठ. तिच्या हाताच्या पंजात मावेल एवढी.

‘आजींनी विचारलं होतं,’ क्रांती म्हणाली. ‘त्या हो म्हणाल्या नाहीत. आमच्याकडं तसं विचारतात.’

आतनं डॉक्टर पुढं आला, हातमोजे घातलेले हात छातीशी वर धरलेले, कशाला शिवू नयेत म्हणून. वयानं तो तिच्याएवढाच असेल, पुण्याचं बोलणं. वैतागला होता. ताई, सकाळपासून मी वाट बघतोय, करायचं नसेल तर तसं लिहून द्या, पण असं दारात उभं राहून वेळ घालवू नका. त्याच्या वैतागाचा तिला राग आला नाही. उलट त्यामुळं तिचे पाय जमिनीला लागले. ती सलाइनच्या सिस्टरकडं वळून म्हणाली, तुम्ही धरलंय तिचं नाव काय? सिस्टरनं डॉक्टरकडं पाहिलं, मग खांबाला लावलेल्या पट्टीकडं पाहिलं. पट्टीवर खाटेचा नंबर होता.

‘माया,’ क्रांती म्हणाली. ‘परवा सुई टोचली तेव्हा ती किंचाळली. काल सकाळी कण्हली. काल संध्याकाळी तुम्ही दोन्ही हात टोचलेत तेव्हा रडली नाही. तुम्ही म्हणालात गुणाची आहे. ती गुणाची नाही हो. ती लय आरडाओरडा करणारी आहे.’

डॉक्टरचा आवाज बदलला. काल संध्याकाळपासून? हे मला कुणी सांगितलं नाही. मी तिघींना सांगितलं, क्रांती म्हणाली, आणि सकाळी तुम्हाला सांगायला हवं होतं ते मला सुचलं नाही. सलाइनच्या सिस्टरचे डोळे मास्कच्या वर खाली झुकले, तिच्या हातातल्या त्या गोळ्याकडं, आणि पहिल्यांदाच तिची पकड बदलली, किंचित. डॉक्टर म्हणाला, मग तर थांबण्यात अर्थ नाही. क्रांती म्हणाली, थांबत नाही, मला विचारू द्या. पाय जातो का? तो म्हणाला, आम्ही जिथं सुई घालतो तिथं मज्जारज्जू नसतो, तो वरच संपलेला असतो. पाय गेलाच तर या आजारानं जातो, आणि तो जाऊ नये म्हणूनच हे करायचं. तिनं विचारलं, खात्री? तो म्हणाला, खात्री मी कशाचीच देत नाही. क्वचित रक्त येतं, क्वचित जंतू जातो, क्वचित एका खेपेत होत नाही, पुन्हा टोचावं लागतं. दुखेल? दुखेल. मी आत थांबू? नको, आई असली की माझा हात हलतो, तो म्हणाला, आणि हे त्यानं इतकं सरळ सांगितलं की तिला तो लीलाबाईच्या बाजूचा वाटला. सलाइनची सिस्टर मधेच म्हणाली, मी धरते ताई, पाणी निघेपर्यंत सोडत नाही. नाव घेऊन बोला तिच्याशी, क्रांती म्हणाली, नावाला ती बघते. बघायची.

आता सगळे तिच्याकडं बघत होते. सकाळपासून ती चुकवत आली होती ते हेच, तिला विचारणं. विचारलं होतं. ‘हो’ हा शब्द तिनं शोधला, होस्टेलमधला, स्वच्छ, आणि तो सापडेना. मल्हारच्या फोनवरची बाई आठवली, अण्णांची सही आठवली, नाथाजी बुंदी वाढत फिरताना आठवला, आणि त्या फिकट रेघेवर तिची नजर खिळली, आणि कुठूनतरी खूप खालून, आजीच्या, पणजीच्या, शेणानं सारवलेल्या कुठल्या तरी जमिनीतनं तो वर आला, शेवटाला मान न उचलता.

‘व्हय,’ ती म्हणाली.

डॉक्टरनं सिस्टरकडं पाहिलं. ‘म्हणजे हो, ना?’

‘म्हणजे हो. करा.’

दार लागलं. काचेआड सावल्या हलल्या आणि स्थिर झाल्या. तिनं भिंतीला पाठ टेकली. कमरेच्या त्या जागी भिंत गार होती. हे आपलं आहे, तिला वाटलं, यापुढं जे होईल ते, पाय ओढला तरी, माया पुन्हा कधी किंचाळली नाही तरी, आता हे कुणाच्या अंगठ्याला पुसता येणार नाही. लीलाबाई म्हणाली नव्हती की हे असं असतं. की म्हणाली होती, दुखंल? आतनं काहीच येत नव्हतं. धातूची एक टिकटिक, एखाद्या ट्रेची, आणि पुन्हा काही नाही. सिस्टर नाव घेत असेल का? काचेला कान लावला तर नुसतं स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. सुई लागायला हवी होती एव्हाना. लागली असेल तर दुखायला हवं. दुखलं असेल तर. तिनं आयुष्यात कधी कशासाठी प्रार्थना केली नव्हती अशी ती करत होती, की माझ्या लेकराला दुखू दे.

बाजूला कुणीतरी आल्याचं तिला लोकरीच्या वासावरनं कळलं. आत्या होत्या. तिच्याकडं न बघता तिची आवळलेली मूठ त्यांनी आपल्या हातात घेतली, एकेक बोट उकललं, आतला तुटका करगोटा काढून घेतला आणि त्याची दोन टोकं एकमेकांना लावून बघायला लागल्या, अजून बांधता येईल का. गाठ बसत नव्हती.

तेव्हा एक आवाज आला. आधी रडण्यासारखा नव्हताच, कुणी जड दार ओढावं तसा, मग त्याला धार आली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लेकरांचे वॉर्ड होते, लेकरं इथं सारखीच कुठं ना कुठं रडत असायची. क्रांतीनं श्वास धरला. आवाज तुटला, पुन्हा आला, चिडका, हक्काचा.

आत्यांचे हात गाठीवर थांबले.

‘आपलीच रडतीया व्हय?’

क्रांतीनं गाल काचेला लावला, आणि तो आवाज पुरा संपेस्तोवर ऐकला.

‘व्हय,’ ती म्हणाली.